नेपाळच्या डोंगरातल्या शाळेला मदत : तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

आम्ही पुण्यातले सात जण, ट्रेकमुळे एकत्र आलेलो, त्यातल्या दोघांचे गुडघे आता गेलेत. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मनास्लूच्या ट्रेकला निघालो तेव्हा हुदहुद वादळाचा पाऊस लागला आणि आमचा पोर्टर म्हणाला खाली लॉजमध्ये कुजत बसण्यापेक्षा वर माझ्या गावात चला, तर त्या गावच्या शाळेच्या पडवीत दोन रात्री काढल्या. तिथून हे सगळं सुरू झालं. आता रोज कोणीतरी तेच विचारतं आणि मी तेच टाईप करतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आधी वाचा, मग फोन करा.

१. ही शाळा नक्की कुठे आहे आणि कोणाची आहे?

नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात, बूढी गंडकी नदीच्या खोऱ्यात. काठमांडूहून धादिङबेसीवरून बस आरुघाटला येते, पुढे जीप, आणि जीप जिथे सोडते तिथून दोन तासांचा चढ. शाळा सरकारी आहे, तिकडे तिला सामुदायिक विद्यालय म्हणतात. प्रायव्हेट शाळेला लोक सरसकट 'बोर्डिंग' म्हणतात, मग तिथे एकही मूल राहत नसलं तरी. आपल्या शाळेत बालवाडी ते पाचवी, मुलं बहुतेक गुरुङ, घरी गुरुङ बोलतात आणि शाळेत नेपाळी शिकतात. म्हणजे पहिलीतल्या पोराला शाळेची भाषाच नवीन असते, आपल्याकडे कोरकू किंवा भिल्ल मुलांचं होतं तसं.

२०१५ चा भूकंप झाला त्याचं केंद्र बारपाक, ते याच जिल्ह्यात. २५ एप्रिल, ११ वाजून ५६ मिनिटं, ७.८ मॅग्निट्यूड. शाळेची दगड-मातीची भिंत आतल्या बाजूला पडली, बरोबर तिसरीचा वर्ग बसायचा तिथे. वार शनिवार होता आणि नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून वर्ग रिकामा होता.

गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये, कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

२. सरकारी शाळा आहे ना, मग सरकार काय करतं?

बरंच करतं, उगाच नावं ठेवू नका. पुस्तकं फुकट येतात (उशिरा येतात, पण येतात). बालवाडी ते पाचवीला 'दिवा खाजा' म्हणजे दुपारचं खाणं, त्यासाठी पोरामागे दिवसाला ठरलेली थोडी रक्कम. त्यात चिउरा म्हणजे पोहे आणि चणे होतात, कधी अंडं. २०१५ च्या संविधानानंतर शाळा गाउँपालिकेच्या, म्हणजे तिकडच्या ग्रामपालिकेच्या, ताब्यात आल्या, अशा नगरपालिका-गाउँपालिका मिळून देशात ७५३ आहेत, काही श्रीमंत, काही अगदीच कोरड्या.

अडतं कुठे तर शिक्षकांच्या मंजूर पदांवर, ज्याला तिकडे 'दरबन्दी' म्हणतात. आपल्या शाळेला तीन पदं आहेत आणि वर्ग सहा. मग गाव स्वतः वर्गणी काढून एक-दोन शिक्षक ठेवतं, त्यांना 'निजी स्रोत'चे शिक्षक म्हणतात. आपले पैसे मुख्यतः तिथे जातात (प्रश्न १० बघा).

३. मेळघाटात, नंदुरबारला शाळा नाहीत का? आपली पोरं सोडून नेपाळला कशाला?

हा प्रश्न दर महिन्याला येतो, बहुतेक वेळा रागाने. उत्तर असं की आहेत, आणि तिथे द्या, मनापासून सांगतो. आमच्यातले तिघं जण जव्हारकडच्या एका शाळेलाही देतात. आम्ही या शाळेला देतो कारण त्या पडवीत झोपलोय आणि तिथला चहा प्यायलोय, यापेक्षा मोठं तत्त्वज्ञान यामागे नाही. बाकी एक सांगतो, तुमच्या सोसायटीच्या गेटवर जो नेपाळी दाजू, म्हणजे दादा, रात्री शिट्टी मारत फिरतो ना, त्याला एकदा विचारा त्याच्या गावच्या शाळेत किती मास्तर आहेत.

४. तुमचा जीपेचा नंबर द्या ना, आत्ता टाकतो.

नाही. कृपा करून नाही. पहिल्या वर्षी आम्ही हेच केलं होतं, एका मित्राच्या खात्यात सगळ्यांनी पैसे टाकले आणि मार्चमध्ये त्याचा सीए त्याच्यावर ओरडला. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर गिफ्ट आलं की ती सगळीच्या सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरतात, फक्त वरची नाही. 'ते माझे नाहीत हो, शाळेचे आहेत' हे सांगून उपयोग होत नाही, खात्यावर नाव तुमचं असतं.

दुसरी गोष्ट, तेव्हा ते पैसे आम्ही काठमांडूतल्या एका ओळखीच्या एजंटकडे कॅश दिले. अर्धे पोचले. तो आजही म्हणतो की सगळे दिले. तेव्हापासून नियम एकच आहे, मधे कोणी नाही. ज्याचे पैसे त्याच्या खात्यातून, आणि एकतर थेट शाळेच्या खात्यात नाहीतर थेट दुकानदाराला.

५. मग बँकेतून नेपाळला पैसे जातात कसे? डॉलर करावे लागतात का?

उलट, डॉलर करताच येत नाहीत. नेपाळ आणि भूतानमधल्या माणसाशी व्यवहार करायला परकीय चलन काढायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमात मनाई आहे, जे काय ते रुपयात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये इंडो-नेपाळ रेमिटन्स फॅसिलिटी काढली, ती एनईएफटीवरच चालते, इकडून रुपये जातात आणि तिकडे नेपाळी रुपयात मिळतात. खात्यातून एका वेळी २ लाखांपर्यंत पाठवता येतात, रोख भरून ५०,००० पर्यंत. ही सोय मुळात आहे इकडे काम करणाऱ्या नेपाळी लोकांना घरी पैसे पाठवता यावेत म्हणून, त्यामुळे शाळेच्या खात्यात पाठवायचे असतील तर ब्रँचमध्ये आधी स्पष्ट विचारा आणि कारण खरं लिहा. 'फॅमिली मेंटेनन्स' वगैरे लिहून टाकू नका, चार रुपयांच्या पुण्यासाठी खोटं डिक्लेरेशन कशाला.

माझ्या पहिल्या वेळी काउंटरवरच्या मुलाने ही सोय ऐकलीच नव्हती, मला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा मी रिझर्व्ह बँकेचं पान प्रिंट काढून नेलं तेव्हा आतल्या मॅडमनी स्वतः बसून फॉर्म भरून दिला. तर प्रिंट घेऊन जा. आणि ब्रँच अगदीच नाही म्हणाली तर दुसरा मार्ग, आमच्यातलं कोणीतरी वर्षातून एकदा जातंच, तेव्हा दुकानदाराला थेट पैसे देणं. मोठ्या गावातल्या दुकानांत २०२४ पासून आपलं यूपीआय क्यूआरवर चालतं. तिकडे पाटी 'फोनपे'ची दिसेल, ती आपली फोनपे नव्हे, नुसता उच्चार सारखा, कंपनी वेगळी. कॅश नेणार असाल तर भारतीय नोटांचे तिकडचे नियम बदलत राहतात, मोठ्या नोटा खिशात घालून निघायच्या आधी चौकशी करा.

६. मी १०,००० पाठवले आणि शाळेने पावती दिली १६,००० ची, वर तारीख २०८१. हा काय प्रकार आहे?

काही प्रकार नाही. एक भारतीय रुपया म्हणजे १.६ नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, हलत नाही. आणि तिकडे सरकारी कागदावर विक्रम संवत चालतं, आपल्यापेक्षा साधारण ५७ वर्षं पुढे, वर्ष वैशाखात म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. त्यांचं आर्थिक वर्ष मात्र साउनमध्ये, म्हणजे जुलैच्या मध्यावर. त्यामुळे मार्च एंडला हिशोब मागू नका, हेडसर बिचारे गोंधळतात. आमच्या एक्सेलमध्ये दोन तारखांचे दोन कॉलम आहेत, ते बघा.

७. ८०जी, म्हणजे देणगीवरची टॅक्स सूट, मिळेल का?

नाही. ८०जी भारतात मान्यता असलेल्या संस्थेला दिलं तर. परदेशातल्या शाळेला थेट दिलेल्या पैशावर सूट नाही, आणि नवीन टॅक्स रेजिममध्ये असाल तर तसंही ८०जी नाहीच.

यावर हुशार लोक विचारतात की मग आमचा एक ट्रस्ट आहे, त्यातून देऊ का. थांबा. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टने देशाबाहेर केलेला खर्च सीबीडीटीची, म्हणजे केंद्राच्या प्रत्यक्ष कर मंडळाची, मंजुरी नसेल तर धर्मादाय खर्च धरत नाहीत, म्हणजे तुमच्या चांगल्या चाललेल्या ट्रस्टला उगाच नोटीस. सूट हवीच असेल तर प्रश्न ३ मधला सल्ला ऐका आणि इकडच्या संस्थेला द्या, आम्हाला अजिबात वाईट वाटणार नाही.

८. मी न्यू जर्सीला असते, माझी बहीण लंडनला. आम्ही कसं द्यायचं?

तिकडच्या रजिस्टर्ड संस्थेमार्फत द्या, जी नेपाळच्या शाळांसाठी काम करते. अमेरिकेत परदेशी शाळेला थेट दिलेलं वजा होत नाही, तिकडच्याच चॅरिटीला दिलेलं होतं. यूकेत बहिणीने गिफ्ट एडचा फॉर्म भरला तर तिच्या प्रत्येक पाउंडावर सरकार २५ पेन्स वर घालतं, ते सोडू नका.

'मी पुण्याला दादाकडे पाठवते, तो पुढे देईल' हे नको. एक तर प्रश्न ४ मधला नियम, मधे कोणी नाही. दुसरं म्हणजे असे पैसे भारतातल्या संस्थेकडे पाठवायचा विचार केलात तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, मधे येतो. यात लोक नेहमी चुकतात ते हे : तुमचा पासपोर्ट भारतीय असेल, ग्रीन कार्ड असलं तरी, बँकेतून पाठवलेले तुमचे पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. पण नागरिकत्व घेतलं असेल आणि हातात ओसीआय कार्ड असेल तर धरतात. आपल्या घरातलीच पोरगी असली तरी.

९. पैसे देण्यापेक्षा वस्तू देतो ना. वह्या, दप्तरं, मुलांचे जुने कपडे आहेत चांगले.

यावर जरा सविस्तर लिहितो कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथे झालीय.

२०१६ ला आम्ही पुण्याहून ४० दप्तरं नेली. एका कंपनीने दिली होती, मस्त होती, आणि ४० होती कारण खोक्यात ४० मावतात. मुलं होती ६३. आम्हाला वाटलं लहानांना देऊ, मोठ्यांना पुढच्या वर्षी. त्या दिवशी चौथीतल्या एका मुलाने आमच्याकडे पाठ केली आणि जाईपर्यंत फिरलाच नाही. हेडसर काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर हळूच म्हणाले, दादा, सगळ्यांना मिळेल एवढं असेल तरच आणा, नाहीतर रिकामे हात या, ते चालतं.

शिवाय वजन. जीपच्या पुढे सगळं खच्चरावर नाहीतर माणसाच्या पाठीवर, आणि भाडं किलोवर. इकडून नेलेली २० रुपयांची वही तिथे पोचेपर्यंत आरुघाटच्या दुकानातल्या वहीपेक्षा महाग पडते, आणि तो दुकानदार त्याच गावांवर जगतो, त्याचा धंदा कशाला मारायचा.

जुने कपडे अजिबात नाही. कोणीतरी एकदा लग्नातला शेरवानीचा सेट पाठवला होता, सात वर्षांच्या मुलाचा, जरीचा.

चालतं काय : प्रत्येक वर्गाला एक असं. जगाचा नकाशा, भूमितीच्या पेट्या, व्हॉलीबॉल (तिकडे क्रिकेटपेक्षा व्हॉलीबॉल, डोंगरावर बॉल खाली गेला की गेलाच, तरीही), आणि नेपाळीतली गोष्टींची पुस्तकं, जी काठमांडूतच घ्यायची. मराठी पुस्तकं नको. लिपी एकच असल्यामुळे मुलं वाचतात खरं, माझ्या टी-शर्टवर 'सह्याद्री' लिहिलेलं पोरांनी खडाखडा वाचलं, पण दुसऱ्याच्या शर्टवर 'शाळा' होतं तिथे सगळी अडकली, कारण नेपाळीत ळ नाही. एक मुलगी जवळ येऊन त्या ळ वर बोट फिरवून बघत होती, हे दोन शून्य चिकटवलंय का म्हणून.

१०. पैशांचं नक्की काय होतं? आणि शिक्षकाचा पगार का? काहीतरी कायमचं करा ना, इमारत वगैरे.

वर्षाचा मोठा खर्च एका शिक्षिकेचा पगार. महिना १८,००० नेपाळी, म्हणजे आपले ११,२५०, आणि वर्षाचे पगार तेरा, कारण दसैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, एक महिन्याचा जास्तीचा द्यायची तिकडे रीत आहे. झाले १,४६,२५०. ती त्याच गावची, बारावी झालेली, गुरुङ येते, त्यामुळे पहिली-दुसरीची मुलं तिच्याशी बोलतात. ती यायच्या आधी ती मुलं वर्षभर नुसती बसून असायची.

मला माहितीय की पगार म्हटलं की डोनर गळतात. पगाराचा फोटो निघत नाही. फित कापता येत नाही. आणि दरवर्षी परत द्यावा लागतो. पण सहा वर्गांना तीन मास्तर असले आणि त्यातले एक पालिकेच्या मीटिंगला गेले की रंगवलेल्या भिंतींनी काय शिकवायचं.

खरा प्रश्न तुम्ही विचारत नाही तो मीच विचारतो, आम्ही थांबलो तर तिचं काय? म्हणून अट अशी ठेवलीय की पगारातला चौथा हिस्सा गावाचा, आणि दरवर्षी हेडसर पालिकेकडे जास्तीच्या पदाचा अर्ज करणार, त्याची कॉपी आम्हाला. आठ अर्ज झाले. पद अजून मिळालेलं नाही. आमच्याकडे तिचा पुढच्या दीड वर्षाचा पगार होईल एवढा शब्द डोनरांनी दिलेला असेल तरच आम्ही दुसऱ्या कशाला हो म्हणतो, मग ते कितीही चांगलं असलं तरी.

इमारतीचं प्रश्न १२ मध्ये.

११. एक मूल दत्तक घ्यायचंय, म्हणजे त्याचा खर्च. त्याने वर्षातून एक पत्र पाठवलं तर छान.

असं करत नाही. ४१ मुलांच्या शाळेत एकाच्या नावावर पुण्याहून पैसे येतात म्हटल्यावर त्याच्या आईचं पाणवठ्यावर काय होईल बघा. आणि ते पत्र... एखाद्या अनोळखी काकांना आभाराचं पत्र लिहायला लावलेलं मूल मी पाहिलंय, फळ्यावर मजकूर लिहिला होता आणि सगळे उतरवून घेत होते, फक्त काकांचं नाव बदलून.

१२. आमच्या बापूंच्या नावाने एक वर्गखोली बांधायचीय, पाटी लावाल ना?

पाटीला हरकत नाही, छोटी असेल तर. खोलीला आहे, निदान आधी काही गोष्टी समजून घ्या.

भूकंपानंतर तिथे मनाला येईल तशी शाळा बांधता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. इंजिनियरचं डिझाईन, पालिकेची परवानगी, भिंतीत ठरलेल्या उंचीवर सगळीकडून फिरणारे बँड, खिडकीच्या खाली, वर आणि छताला. जुन्या दगड-मातीच्या भिंतींत तेच नव्हतं. सिमेंट-सळया वर न्यायचा खर्च कधीकधी मालाच्या किमतीला येऊन भिडतो. बिल घेताना दुकानदाराचा पॅन असलेलं बिल घ्या, व्हॅट तिकडे १३ टक्के. आणि पटसंख्या कमी होतेय, त्याचं प्रश्न १७ मध्ये वाचा, मग ठरवा.

त्यापेक्षा जे आहे ते सुधारा. आमचं सगळ्यात यशस्वी काम म्हणजे छताला आतून मारलेली प्लाय. भूकंपानंतर छप्पर जस्ताच्या पत्र्याचं झालं, तिकडे जस्तापाता म्हणतात. पत्रे आठ फुटी, वळणावर खच्चराच्या पाठीवर बसत नाहीत, म्हणून बाप्यांनी कपाळाला नाम्लो लावून, म्हणजे डोक्यावरून घेतलेला पट्टा, एकेक वर नेले, वारा आला की पत्र्यासकट खाली बसायचे. छान झालं छप्पर. मग पावसाळा आला. असार-साउनमध्ये त्या पत्र्यावर पाऊस असा वाजतो की शेजारच्याचं ऐकू येत नाही, मी जुलैमध्ये गेलो तेव्हा मॅडम फळ्यावर नुसतं लिहीत होत्या आणि मुलं ओठ हलवून वाचत होती, आवाज कोणाचाच नाही, टीव्ही म्यूट केल्यासारखं. म्हणजे पावसाळाभर निम्मी शाळा मुकी. प्लाय आणि मधे थोडी हवा एवढ्याने ते थांबलं. त्याच्यावर बापूंचं नाव लिहिता येत नाही खरं.

संडास हवा असेल तर आधी पाण्याचा पाईप. पाणी नसलेल्या संडासाला पंधरा दिवसांत कुलूप लागतं आणि मोठ्या मुली पुन्हा घरी बसतात.

१३. हेडसरनीच पैसे खाल्ले तर?

खाऊ शकतात. कोणीही खाऊ शकतं, आम्हीपण. म्हणून पैसे हेडसरच्या नाही, शाळेच्या खात्यात जातात, सही दोघांची लागते. खर्च ठरतो व्यवस्थापन समितीत, म्हणजे पालकांच्या, आणि ठराव वहीत लिहिला जातो, त्याचा फोटो येतो. शिवाय तिकडच्या सरकारी शाळांना दरवर्षी 'सामाजिक परीक्षण' करावं लागतं, गावासमोर हिशोब वाचतात. मी एकदा बसलो होतो, एका आजीने तीन हजार रुपयांच्या खडूंवरून हेडसरना पाऊण तास धुतलं. माझ्या मते कुठल्याही ऑडिटरपेक्षा ती आजी भारी.

एकदा मात्र ठरलेल्या पाईपचे पैसे न विचारता बेंचवर खर्च झाले. आम्ही चिडलो, मग कळलं की पाईप पालिकेने दिला होता. चूक न सांगण्याची होती, खर्चाची नव्हती.

१४. मुलांचे फोटो-व्हिडिओ का टाकत नाही? त्याशिवाय लोक पैसे देत नाहीत.

देतात, कमी देतात. शेंबडं नाक आणि फाटका स्वेटर यांचा फोटो टाकला की पैसे येतात हे आम्हाला माहितीय, २०१७ ला टाकले होते. त्यातली एक मुलगी आता नववीत, गोरखा बाजारला शिकते, तिच्याकडे फोन आहे, तिने तो फोटो शोधून मला पाठवला आणि खाली फक्त एक प्रश्नचिन्ह. त्याच दिवशी सगळे काढले. गावाचं नावही तेव्हापासून लिहीत नाही. आता छताचे, फळ्याचे, वहीतल्या ठरावाचे फोटो मिळतील.

१५. आम्ही दोन आठवडे जाऊन शिकवलं तर?

जायला आडकाठी काहीच नाही, भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, आधार चालत नाही, आमचा एक जण एअरपोर्टवरून परत आलाय.

पण शिकवायला नको. दोन आठवडे तुम्ही गाणी शिकवणार, मुलं खूश, मग तुम्ही जाणार आणि मॅडमना भागाकार शिकवायचा असणार. उपयोग झाला तो एका बाईंचा, सातारा जिल्ह्यातल्या रिटायर्ड झेडपी शिक्षिका, कार्तिकात महिनाभर राहिल्या. मुलांना त्यांनी एक दिवसही शिकवलं नाही. शाळा सुटल्यावर शिक्षकांबरोबर बसून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, दशक-एकक, हातचा, उसनं, आपल्या गणित पेटीतलं सगळं मक्याच्या दाण्यांवर करून दाखवलं. हिंदी-नेपाळी-मराठी अशी खिचडी भाषा. ते गठ्ठे अजून वापरात आहेत.

असार ते भदौ म्हणजे जून मध्य ते सप्टेंबर मध्य जाऊ नका, पहिरो म्हणजे दरडी पडतात आणि रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही.

१६. एक हुशार मुलगी दिसली, तिला पुण्यात आणून शिकवू का? आमच्याकडे खोली आहे. आणि एका मित्राला केनियातल्या शाळेला द्यायचंय, तेही सांगा.

पहिल्याला नाही. तुमच्या हेतूवर शंका नाही, पण 'शहरात शिकवतो' म्हणून डोंगरातली मुलं काठमांडूच्या बालगृहांत नेऊन ठेवायची आणि डोनरांना अनाथ म्हणून दाखवायची हा नेपाळमधला जुना धंदा आहे. त्यातल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. २०१५ च्या भूकंपानंतर हे इतकं वाढायची भीती होती की सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली होती. पाचवीनंतर शिकवायचं असेल तर जवळच्या मोठ्या शाळेजवळ, नातेवाईकाकडे, आणि आईबापांच्या म्हणण्याने.

केनियाचं : तिथे परकीय चलन चालतं, एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात, देणगीपण त्यातच. टीसीएस, म्हणजे बँक पाठवतानाच घेते तो टॅक्स, १० लाखांच्या वर गेलात तर. बाकी प्रश्न ७ तसाच लागू. तिथली शाळा मला माहीत नाही, पण प्रश्न ९ आणि १३ मित्राला वाचायला द्या.

१७. मुलं कमी होतायत म्हणता, मग शाळा बंद पडली तर आमचे पैसे?

पडू शकते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ६३ होती, आता ४१. बाप कतार किंवा मलेशियाला, आई मुलांना घेऊन आरुघाट नाहीतर काठमांडूला, बोर्डिंगमध्ये घालायला. पट फार घसरला की पालिका शेजारच्या शाळेत मिळवून टाकते, त्याला समायोजन म्हणतात. शेजारची शाळा दीड तासावर, मधे ओढा.

म्हणून आम्ही उचलून नेता येईल अशावर खर्च करतो, पगार, पुस्तकं, सोलर दिवा, बेंच. समितीच्या वहीत ठराव आहे की शाळा मिळवली तर खात्यातली शिल्लक आणि सामान मुलांबरोबर नव्या शाळेत जाईल, परत कोणाला मिळणार नाही. तुम्हालाही नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

परवा हेडसरशी बोललो, त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, त्यामुळे माझा फोन नेहमी त्यांच्या जेवणात जातो. विचारलं यंदा बालवाडीत किती. म्हणाले नऊ, दहावं आलंय पण रडतं, धरू नका.